नाव घ्यावे, पण कोणाचे?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे मी आज संशोधकांविषयी बोलणार म्हटल्यावर पुष्कळजणींना हसू आले असेल. पण दिवाळीत माझी पुतणी घरी आली होती. ती औषधशास्त्र शिकते. तिच्याकडून ऐकलेली एक हकीकत मनातून जाईना, म्हणून उभी राहिले.

मी तिला सहज विचारले, "अगं, संशोधक मोठा की लहान हे ठरवतात तरी कसे?" ती म्हणाली, "काकू, त्याने किती निबंध छापले ते मोजतात. शिवाय पुढच्या किती संशोधकांनी आपल्या निबंधांत त्याचे नाव घेतले, तेही मोजतात." मी म्हटले, "म्हणजे हा उखाणाच की!" फरक एवढाच की आपण एकाचेच नाव घेतो, त्यांनी ज्याच्या ज्याच्या कामाचा आधार घेतला, त्या प्रत्येकाचे घ्यायचे. या नावांची मोठी सूची अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली सुरू केली.

मग तिने कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १९१५ साली हुगळी जिल्ह्यातला. आपल्या आज्या जिला पटकी म्हणत, त्या कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच ओळखला होता. पण तो जंतू माणसाला मारतो कसा, हे पुढे पाऊणशे वर्षे नीट उलगडले नाही. डे यांनी रोगाचे मूळ आतड्यातच शोधले. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधून त्यात त्यांनी कॉलऱ्याचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने तट्ट फुगलेला दिसला. हे १९५३ साली छापून आले. पुढे त्यांनी जंतू वाढवलेले द्रव गाळून जंतू काढून टाकले आणि नुसते गाळलेले द्रव सोडले, तरी आतडे तसेच फुगले! म्हणजे घात करते ते जंतूने सोडलेले विष. हा निबंध १९५९ साली 'नेचर' या विलायती साप्ताहिकात आला. अवघा दोन पानांचा. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेतील दत्त, पानसे व कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर प्रयोग करून कॉलऱ्याच्या विषाविषयी निबंध छापला.

एवढा मोठा शोध, पण सुरुवातीला त्या निबंधाचे नाव फारसे कोणी घेतले नाही. डे १९७३ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. १९७८ साली स्वीडनमध्ये नोबेल संस्थेच्या कॉलऱ्यावरील परिषदेला त्यांना बोलावणे आले. लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाने त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचवले होते. पण ते मिळाले नाही. आपल्या देशातला मोठा मानही हयातीत मिळाला नाही. १९८५ साली ते वारले आणि १९८६ साली गारफील्ड यांनी त्यांच्या निबंधांवर, पुढच्यांनी घेतलेल्या नावांचा हिशेब मांडून, लेख लिहिला. हिशेब बरोबर निघाला, पण ऐकायला माणूस उरला नव्हता.

भगिनींनो, यात माझे काय? सांगते. माझा धाकटा दीड वर्षाचा असताना एका पावसाळ्यात त्याला जुलाब लागले. डोळे खोल गेले, रडायलाही त्राण उरले नाही. तेव्हा अंगणवाडीच्या बाई धावत आल्या. उकळून निवविलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत त्या रात्रभर माझ्याजवळ बसल्या. पुतणीने आता उलगडून सांगितले की, अशा जुलाबांतही आतडे साखरेसोबत मीठ आत ओढते आणि त्यामागून पाणी जाते. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य कॉलऱ्याचे रोगी वाचवले.

माझा मुलगा आज माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. पण त्या बाई पुढे बदलून गेल्या आणि मी त्यांना सदा 'बाई'च म्हणत राहिले. त्यांचे नाव मी कधी विचारलेच नाही. डे यांची गोष्ट ऐकली आणि पहिली लाज मला माझीच वाटली.

म्हणून एक सूचना करते. आपल्या अहवालात दरवर्षी 'भगिनींचे सहकार्य लाभले' अशी एक ओळ असते. पहाटे चारला उठून शंभर माणसांचा स्वयंपाक करणारी, आजाऱ्यापाशी रात्र काढणारी, सतरंज्या झाडून घड्या घालणारी, सगळ्या त्या एका ओळीत बुडून जातात. यंदापासून जिने जे केले तिचे नाव त्या कामापुढे लिहावे. दोन पाने जास्त लागली तर कागदाचा खर्च मी देईन. आणि जिवंतपणी लिहावे, म्हणजे तिला वाचता येईल.