धाप, धूर आणि औषधांची परीक्षा



केळझरची मंडळी आपल्या गावाला एकचक्रानगरी म्हणतात आणि भीमाने बकासुराला मारले ते येथेच, असे अभिमानाने सांगतात. त्या कथेतला राक्षस गावातून घरटी एक माणूस घेत असे. आज ज्या विकाराविषयी आम्ही बोलणार आहो, त्याचीही रीत काहीशी तशीच आहे. फरक इतकाच की, तो गाडाभर अन्न मागत नाही. ज्याला धरतो त्याचेच अन्न तोडतो.

डॉक्टर लोक या विकारास ‘सीओपीडी’ म्हणतात. घरात त्याला ‘दमा’ म्हणतात, किंवा ‘वयाची धाप’ म्हणून सोडून देतात. ही दोन्ही नावे चुकीची आहेत, आणि चुकीच्या नावाने रोगी फसतो. दमा येतो आणि जातो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस पुष्कळदा निरोग्यासारखा वावरतो. हा विकार मात्र जात नाही. श्वासनलिका आतून सुजतात, जाड होतात, कफाने भरतात. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजून फाटतात. लोहाराच्या भात्यात हवा शिरावी, पण तोंड आवळल्यामुळे ती बाहेर निघू नये, तशी छातीची अवस्था होते. आत कोंडलेली हवा निघत नाही म्हणून नवी घेता येत नाही. रोगी म्हणतो, ‘श्वास घेववत नाही’. वास्तविक त्याला तो सोडवत नसतो.

हे ओळखण्याचा मार्ग अगदी साधा आहे. पूर्ण श्वास भरून जोराने फुंकावयाचे आणि एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली ते मोजावयाचे. नळ्या मोकळ्या करणारे औषध देऊनही ते प्रमाण शेकडा ७० च्या खाली राहिले, तर नळ्या कायमच्या अडल्या आहेत असे समजतात. फुंक मोजण्याचे यंत्र जॉन हचिन्सन याने लंडनमध्ये केले, आणि दोन हजारांवर माणसे तपासून १८४६ साली त्याचा वृत्तान्त छापला. रक्तदाब मोजून घेतलेल्यांनी हात वर करावे असे म्हटले, तर या मंडपात पुष्कळ हात वर होतील. फुंक मोजलेली किती, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही! आणि रोग तर वाढतो आहे. भारतात १९९० साली या विकाराचे सुमारे २ कोटी ८१ लक्ष रोगी होते, ते २०१६ साली ५ कोटी ५३ लक्षांवर गेले, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. लोकसंख्या वाढली, माणसे अधिक जगू लागली, हे त्यात आलेच. पण तेवढ्याने खोकणाऱ्याचे समाधान होत नाही.

कारण विचारले की लोक बिडीकडे बोट दाखवितात. ते योग्यच आहे. पण जिने जन्मात बिडी ओढली नाही, त्या आजीला धाप का लागते? पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात याच प्रश्नाचा परामर्श घेतला. या विकाराच्या रोग्यांपैकी शेकडा २५ ते ४५ जणांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज त्यांनी दिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, शेणी, काडीकचरा यांच्या धुरात राहणारे ३०० कोटी! आपल्या भागात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या हेच पिढ्यान् पिढ्यांचे सरपण. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली बाई किती धूर गिळते, याचा हिशेब तिच्या घरच्यांनी कधी मांडला नाही. डासांसाठी लावण्याची कांडी लोकांना निरुपद्रवी वाटते. पण तशा एका कांडीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात आढळले. दारेखिडक्या लावून ती रात्रभर जाळणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

येथे वर्धेचे नाव घेणे प्राप्त आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक होते. तेथे १९४० नंतरच्या दशकात धूर बाहेर नेणारी मातीची ‘मगन चूल’ तयार झाली. तिचे धुराडे म्हणजे काही मोठा शोध नव्हे. परंतु स्वयंपाकघरातला धूर हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे, हे येथल्या माणसांना तेव्हा सुचले. अशा सुधारणेने फुप्फुसे खरोखर वाचतात काय, याचा चांगला पुरावा पुष्कळ उशिरा मिळाला. दक्षिण चीनमधल्या खेड्यांत २००२ पासून ९ वर्षे सुमारे हजार माणसांची फुंक वेळोवेळी मोजली गेली. ज्यांनी गोबरगॅस घेतला व स्वयंपाकघरात हवा खेळती ठेवली, त्यांच्या फुंकेची घसरण मंदावली. आपल्याकडे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसची टाकी घरोघर आली. ती संपू नये म्हणून न्हाणीचे पाणी चुलीवरच तापविण्याची चालही पुष्कळ घरांत राहिली. टाकीची किंमत पाहता गृहिणीस दोष देण्याचे कारण नाही.

आता उपचारांकडे वळू. एखाद्या औषधाने गुण आला असे डॉक्टरला वाटते, रोग्यालाही वाटते, आणि दोघेही फसू शकतात. कारण हा विकार आपोआपही काही दिवस उतरतो. म्हणून रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करतात, एकाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि वर्षानुवर्षे दोघांवर नजर ठेवतात. या परीक्षेत मोठमोठ्या समजुती नापास झाल्या आहेत.

अमेरिका व कॅनडा येथे ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या परीक्षेचा निकाल १९९४ साली लागला. नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाने फुप्फुसांची झीज थांबली नाही. सिगारेट सोडल्याने ती मंदावली. गेलेले फुप्फुस परत येत नाही, पण उरलेले टिकते. मग औषध व्यर्थ का? तसे मुळीच नाही. ओढून घेण्याच्या औषधांनी धाप हलकी होते आणि रोग एकाएकी उसळण्याचे प्रसंग कमी होतात. तरीही लोक पंपाला भितात. ‘एकदा लागला की सुटत नाही’ म्हणतात आणि गोळी मागतात. हिशेब पाहा: साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, आणि पंपाची एक फवारणी १०० मायक्रोग्रॅमची. चाळीस फवारण्यांचे औषध एका गोळीत जाते, तेही छातीत नव्हे, पोटात! हात थरथरतात, छाती धडधडते, आणि दोष येतो तो औषधाला.

स्टिरॉइडच्या गोळ्यांचेही असेच. रोग उसळला म्हणजे त्या लागतात. पण पाच दिवसांचा क्रम चौदा दिवसांच्या क्रमाइतकाच उपयोगी पडतो, असे स्वित्झर्लंडमधल्या परीक्षेत २०१३ साली ठरले. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. धाप लागली की दुकानातून स्वतःच गोळ्या आणणारा माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे.

सर्वांत हळवा विषय प्राणवायूचा. नळी नाकाला लागली म्हणजे शेवट आला, असे घरचे समजतात. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेली परीक्षा नेमके उलट सांगते. रक्तातला प्राणवायू फार उतरलेल्या ८७ रोग्यांपैकी ४२ जणांस रोज निदान १५ तास प्राणवायू दिला, ४५ जणांस दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटात १९ मृत्यू झाले, दुसऱ्यात ३०. तेव्हा ज्याला जरूर आहे, त्याने तास-दोन तास ‘बरे वाटावे’ म्हणून नळी लावण्यात अर्थ नाही. उलट ज्यांचा प्राणवायू थोडासाच उतरलेला असतो, त्यांना घरी यंत्र लावून लाभ होत नाही, असे २०१६ साली अमेरिकेत ७३८ रोग्यांवरून दिसले. मोजमाप न करता यंत्रासाठी शेत गहाण टाकू नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो. आणि यंत्र घरी असेल तर घाबरून त्याची चावी पूर्ण उघडू नये. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रोग्यांवर २०१० साली असे आढळले की, भरमसाट प्राणवायू दिलेल्यांपेक्षा मोजून दिलेल्यांत मृत्यू कितीतरी कमी झाले.

चालण्याबद्दल थोडे सांगावयाचे राहिले. धापेच्या माणसाला घरचे ‘पडून राहा’ म्हणतात. त्याने पायांचे स्नायू सुकतात, आणि मग चार पावलांतच दम लागतो. शिस्तीने व्यायाम दिलेल्या रोग्यांची चाल वाढते, धाप कमी होते, हे अनेक परीक्षांत पुनःपुन्हा सिद्ध झाले आहे. डॉक्टरांस विचारून रोज थोडे अंतर ठरवावे. आज शेजारच्या ओट्यापर्यंत, महिन्याने गणपतीच्या देवळाच्या वाटेवर. दम लागला की उभे राहून, ओठांचा चंबू करून, शीळ घालावी तसा श्वास सावकाश सोडावा.

अध्यक्षांनी आम्हांस दिलेला वेळ संपला आहे. ज्यांना प्रश्न असतील त्यांनी ते खुशाल विचारावे. कोणी आपला पंप बरोबर आणला असेल तर तो घेऊन पुढे यावे. तो कसा ओढावयाचा, ते येथेच एकदा पाहू.