पाण्याबाहेरचं काम



प्रशिक्षकांच्या बैठकीत पालकांचा विषय निघतो तो बहुधा तक्रारीपुरता. आज ते समोरच बसले आहेत, तेव्हा कामाचं बोलू. मुलाच्या पोहण्यातलं बरंचसं काम पाण्याबाहेर होतं आणि ते प्रशिक्षकाला करता येत नाही.

झोपेचंच घ्या. दहा वर्षांच्या मुलाला किमान नऊ तास झोप लागते. पहाटे पाचच्या बॅचसाठी ते साडेचारला उठणार असेल, तर संध्याकाळी साडेसातला झोपायला हवं. शाळा, शिकवणी, गृहपाठ सांभाळून हे कोणत्या घरात जमतं? एवढ्या लहानांना रोज पहाटे बोलावूच नये, असं माझं मत आहे. समोरच्या काही चेहऱ्यांना ते पटलेलं दिसत नाही. तेरा वर्षांपुढच्यांना आठ ते दहा तास लागतात. मग त्यांच्यासाठी रात्री टीव्ही लवकर बंद करणं हे घरातल्या मोठ्यांचं काम. पोहून झाल्यावर हाताशी केळं, गूळ-तूप-पोळीचा लाडू, उकडलेलं अंडं असं काही असावं. डब्यातल्या महागड्या पावडरी राहू द्या.

आता टायमिंग. शर्यत संपली की पोर आधी गॅलरीकडे बघतं. तिथे आईचा चेहरा पडलेला दिसला, की मग प्रशिक्षकाने स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, कितीही समजावून सांगितले तरी डोक्यात शिरत नाहीत. घरी जाताना गाडीत शर्यतीची चिरफाड करू नका. भूक लागलीय का, एवढं विचारा. बाराव्या वर्षी जिल्ह्यात पहिला येणारा मुलगा पुष्कळदा नुसता लवकर वाढलेला असतो. बाकीची मुलं उंच झाली की तो मागे पडतो आणि घरात सुतक पाळलं जातं.

पोहणाऱ्याची वाटचाल किती लांब असते, ते बघा. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ मध्ये, सोळाव्या वर्षी, बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं. आशियाई स्पर्धांच्या जलतरणात खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर भारताला मिळालेलं ते पहिलंच पदक. पुढे तो तहसीलदार झाला, तलावापासून लांब गेला, परतला आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचं कांस्य एक शतांश सेकंदानं हुकलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. सहावीतल्या पोराच्या निकालावर भविष्य वर्तवणाऱ्यांनी सोळा ते सव्वीस हा काळ मोजून बघावा.

मुलींबद्दल जरा थांबून बोलतो. बाराव्या-तेराव्या वर्षी शरीर बदलतं, पाण्यातला तोल बदलतो आणि वर्ष-दीड वर्ष टायमिंग हलत नाही. काहींचं उलट वाढतं. मुलगी तेवढीच मेहनत घेत असते, पण घरात ‘लक्ष नाही हिचं’ सुरू होतं, वजनावर बोललं जातं, ताटातली पोळी कमी होते. आम्हा प्रशिक्षकांपैकीही काही जण यात हातभार लावतात, तो थांबला पाहिजे. भरपूर सराव करणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने बंद झाली, तर ती फिटनेसची खूण समजू नका. बहुतेकदा खाणं अपुरं पडत असतं. आधी डॉक्टरकडे जा. पाळीच्या दिवसांत पोहायचं की नाही, हे त्या मुलीला ठरवू द्या आणि तिनं आज येत नाही म्हटलं, तर प्रशिक्षकाने कारण विचारू नये. वडिलांनीही हा विषय आईवर ढकलू नये. बॅचला सोडायला पुष्कळदा तेच येतात.

डिसक्वालिफिकेशनवरून पंचांशी भांडण्याबद्दल थोडक्यात: ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत, हे पंचाला जवळून दिसतं, तुम्हाला गॅलरीतून नाही. हरकत घ्यायचीच, तर ती लेखी असते, तीस मिनिटांत द्यायची असते आणि संघाच्या जबाबदार प्रतिनिधीने द्यायची असते.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो. जिल्हा स्पर्धांना आपल्याला टाइमकीपर कमी पडतात. एका लेनला तीन घड्याळं लागतात आणि तिन्ही वेळा वेगळ्या आल्या तर मधली धरतात. हे काम पालकांना एका दुपारी शिकवता येईल. अट एकच: ज्या शर्यतीत आपलं मूल असेल, तिथे दुसऱ्या लेनवर उभं राहायचं. ज्यांची तयारी आहे त्यांनी चहाच्या वेळी कार्यवाहांकडे नावं द्यावीत.