विसरलेल्या युद्धाचा झेंडा



अमेरिकेचा इतिहास म्हटला की आपल्याला १७७६ आठवते आणि मग एकदम लिंकनच्या काळातले यादवी युद्ध. मधले १८१२चे युद्ध निसटून जाते. माझे म्हणणे असे की, स्वातंत्र्य आधीच मिळाले होते; आपण एक राष्ट्र आहोत ही भावना मात्र या युद्धाने रुजवली. त्या राष्ट्रात कोणाला धरायचे नाही, हेही त्यातच ठरत गेले.

नेपोलियनशी झुंजणारे ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजे अडवून खलाशांना जबरदस्तीने चाकरीत ओढत होते. पश्चिमेकडच्या अमेरिकी वसाहतवाल्यांना नव्या जमिनी हव्या होत्या. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा देश दुभंगलेला होता. सिनेटमध्ये १९ मते बाजूने, १३ विरोधात. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या कॅनडावरच्या स्वाऱ्या फसल्या. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिशांनी राजधानी वॉशिंग्टन गाठून अध्यक्षांचे निवासस्थान जाळले.

तीन आठवड्यांनी बाल्टिमोरची पाळी आली. तिथल्या फोर्ट मॅकहेन्रीवर सुमारे २५ तास तोफगोळे पडत होते. या किल्ल्याचा झेंडा ४२ फूट लांब आणि ३० फूट रुंद. मेरी पिकर्सगिल या कारागीर बाईंनी तो शिवला. घरात जागा पुरेना, म्हणून जवळच्या बिअरच्या कारखान्यात जमिनीवर पसरून. १४ सप्टेंबरच्या सकाळी तो फडकताना फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने जहाजावरून पाहिला आणि कविता लिहायला घेतली. तीच १९३१ मध्ये राष्ट्रगीत झाली.

डिसेंबर १८१४ मधल्या गेंटच्या तहाने सरहद्दी होत्या तिथेच ठेवल्या. खलाशांच्या सक्तीचा त्यात उल्लेखही नव्हता. पण वॉशिंग्टनला आधी न्यू ऑर्लिन्सच्या लढाईतल्या अमेरिकी विजयाची बातमी पोहोचली आणि मागाहून तहाची. लोकांनी दोन्ही एकत्र जोडल्या. बरोबरीत सुटलेले युद्ध मनोमन जिंकलेले ठरले.

आणि हरले कोण? मूळनिवासी जमातींची एकजूट बांधणारा टेकुम्सेह १८१३ मध्ये लढता लढता पडला, आणि ती एकजूटही मोडली. क्रीक या मूळनिवासी लोकांकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन घेतली गेली; अमेरिकेच्या बाजूने लढलेले क्रीकही त्यातून सुटले नाहीत. हजारो गुलामांना तर स्वातंत्र्य शत्रूच्या जहाजांवर मिळाले. त्यांतले काही ब्रिटिश गणवेशात बाल्टिमोरवर चालून आले. आणि तो झेंडा शिवणाऱ्या हातांत ग्रेस विशर या करारावर काम शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीचेही हात होते.

त्या झेंड्याचा अभिमान खोटा नाही, पण अपुरा आहे. टेकुम्सेह आणि ग्रेस विशर यांची नावे त्याच अभिमानाने घेतली जातील, तेव्हाच या युद्धाने घडवलेली ओळख साऱ्या देशाची म्हणता येईल.