आपली गाडी, आपला विमा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींचा मला फोन आला, "काका, तुम्ही बँकेत होतात, गाडीच्या विम्यावर बोला." मी म्हटलं, अहो, मी बँकेत होतो, विमा कंपनीत नव्हे. तर म्हणाले, "गेल्या एजीएमला पार्किंगवर पाऊण तास बोललात, त्यापेक्षा हे बरं." त्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून उभा राहिलो.

२००० साली आपली सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा ४८ फ्लॅट होते आणि गाड्या पाच. बाकी सगळ्या स्कूटरी. खाली मुलं क्रिकेट खेळायची. आज फ्लॅट तेवढेच आहेत आणि गाड्या ५३. म्हणजे ५३ पॉलिस्या झाल्या. त्यातल्या किती जणांनी आपली पॉलिसी वाचली आहे? हात वर करू नका, कारण २०१९ पर्यंत माझाही हात वर गेला नसता.

ती गोष्ट आधी सांगतो. जुलै २०१९ चा शेवटचा आठवडा. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आठवतंय ना? त्याच पावसात इथे कल्याणला आपल्या स्टिल्टमध्ये गुडघ्याच्या वर पाणी आलं. २००५ च्या २६ जुलैलाही आलं होतं, पण तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. सकाळी पाणी ओसरलं. मी खाली गेलो, सीट पुसली आणि किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आतून 'खट्ट' असा आवाज आला आणि गाडी बंद ती बंदच. गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिनात पाणी असताना सुरू केलीत, कनेक्टिंग रॉड वाकला. खर्च ९२ हजार.

मी निर्धास्त होतो, कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा होता ना! कंपनीने आतली साफसफाई आणि वायरिंगचे पैसे दिले. इंजिनाचे नाही दिले. मी भांडलो, पत्रं लिहिली. त्यांनी माझ्याच पॉलिसीतली ओळ दाखवली. पुराने थेट झालेलं नुकसान आम्ही देतो, पण पाणी असताना गाडी सुरू केल्यामुळे पुढे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकलम घ्यावं लागतं. ते मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, हप्ता काही शे रुपयांनी कमी व्हावा म्हणून. सौ.च्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली मुदतठेव मोडावी लागली आणि ऑपरेशन सहा महिने पुढे गेलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "पस्तीस वर्षं लोकांचे कागद तपासलेत, स्वतःचा एकदा तपासायचा होता." मी वाहनकर्ज देताना प्रत्येक कर्जदाराकडून विम्याची प्रत मागून घेणारा माणूस! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

तेव्हापासून मी दर वर्षी पॉलिसी वाचतो, आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

सगळे विचारतात, "काका, कुठली कंपनी चांगली?" आमच्या काळी हा प्रश्नच नव्हता. १९७३ ला सामान्य विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, चार सरकारी कंपन्या होत्या आणि दरपत्रक एकच. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि १ जानेवारी २००७ पासून दरही मोकळे झाले. पण सगळे दर नाही, हे नीट लक्षात घ्या. पॉलिसीचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा भाग सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३४१६ रुपये. कंपनी कुठलीही घ्या, आकडा तोच. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. तुलना करायची ती फक्त इथे.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ओन डॅमेजचा भाग मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. आपल्याच एका शेजाऱ्यांना वाटलं, तीन वर्षं बघायला नको. दुसऱ्या वर्षी गेटच्या खांबाला गाडी घासली तेव्हा कळलं की त्यांच्या गाडीला विमा आहे, पण तो खांबासाठी!

आता मुख्य मुद्दा. कंपनी शोधायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर स्वतःबद्दल लिहा. गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते? कोण कोण चालवतं? रात्री कुठे उभी असते? गाडी किती वर्षांची? बँकेत आम्ही कर्ज देताना आधी कर्जदार बघायचो, मग रक्कम. इथे कर्जदाराच्या जागी तुम्ही स्वतः आहात.

माझ्यासारखे निवृत्त लोक घ्या. भाजी, देऊळ, डॉक्टर आणि वर्षातून एकदा गावी. माझी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही होत नाही. जुलै २०२२ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जितकी गाडी चालवाल त्या हिशेबाने हप्ता घेणाऱ्या योजनांना परवानगी दिली आहे. आमच्यासारख्यांनी त्याची चौकशी करावी. मात्र ठरवलेले किलोमीटर संपल्यावर काय होतं, ते आधी विचारून घ्या. आणि गाडी कमी चालते म्हणून इंजिन प्रोटेक्ट काढू नका. आपल्या स्टिल्टमध्ये पाणी येतं तेव्हा गाडी उभीच असते. आणखी एक गोष्ट लिहूनच ठेवा. जोडकलम असो वा नसो, पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नका. कंपनीला फोन करा आणि टो करून न्या.

दुसरा गट रोज ऐरोली, पवईला जाणाऱ्या मुलांचा. शिळफाट्याच्या गर्दीत बंपर शाबूत राहिला तर तो देवाचा प्रसाद. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे बंपर बदलला तर निम्मे पैसे आपले. म्हणून त्यांच्यासाठी झीरो डेप बरं. पण बऱ्याच कंपन्या ते ठरावीक वयापर्यंतच्या गाडीलाच देतात, शिवाय वर्षात किती क्लेम चालतील त्यालाही मर्यादा असू शकते. तेही विचारा.

तिसरा गट ज्यांच्या घरी नुकतंच कुणी लायसन्स काढलंय त्यांचा. तिथे छोटे ओरखडे येणारच. त्यांना मी एक हिशेब सांगतो. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८००० आहे आणि पाच वर्षं क्लेम न घेतल्यामुळे तुम्हाला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, म्हणजे वर्षाला ४००० वाचतात. बंपरचं काम निघालं ६००० चं. त्यात बंपर ४०००, मजुरी २०००. साध्या पॉलिसीत बंपरचे निम्मे म्हणजे २०००, अधिक मजुरी २०००, झाले ४०००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १००० गेली. हातात पडले ३०००. आता पुढचं ऐका. पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणून ४००० जादा भरायचे. मग शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायची, २०, २५, ३५, ४५ टक्के. त्या चार वर्षांत जादा भरायचे अनुक्रमे २४००, २०००, १२०० आणि ४००. बेरीज करा, बरोबर १०,००० होतात. तीन हजार मिळवायला दहा हजार मोजायचे! म्हणून लहानसहान काम खिशातून करा आणि विमा मोठ्या संकटासाठी राखून ठेवा. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकलीत तर नव्या गाडीला तो लावून घ्या. आणि मुदत संपल्यावर ९० दिवसांत रिन्युअल केलं नाही तर तो जातो.

हा कागद लिहून झाला की मग कंपन्यांकडे वळा. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, पण तुलना सारख्याची सारख्याशी करा. एखादीचा हप्ता कमी दिसला तर आधी आयडीव्ही बघा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. ती कमी धरली की हप्ता आपोआप कमी दिसतो. मग बघा, तुमचं नेहमीचं गॅरेज त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का. कंपनीच्या वेबसाइटवरची यादी बघून थांबू नका, गॅरेजवाल्यालाच विचारा, "यांचे पैसे वेळेवर येतात का?" त्याच्याइतकं खरं उत्तर कुणी देत नाही. कंपन्यांना आपले क्लेमचे आणि तक्रारींचे आकडे जाहीर करावे लागतात, तेही मुलांना सांगून काढून घ्या. आणि घेतलेल्या क्लेमची माहिती लपवून बोनस घेऊ नका. मोठा क्लेम आला की जुन्या कंपनीकडे चौकशी होते आणि तिथे खोटं उघडं पडतं.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा. खासगी गाडी पैसे घेऊन कुणाला शिर्डीला न्यायला देऊ नका, भाड्याच्या वापराला खासगी पॉलिसी चालत नाही. आणि कंपनीने क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्याला कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही.

शेवटी एक गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. ती सांगावी की नाही, असा मला प्रश्न पडला होता. माझे एक मित्र होते, आता ते नाहीत. सत्तरी ओलांडलेले, हात अगदी सराईत. एका संध्याकाळी त्यांच्या गाडीचा एका सायकलवाल्याला धक्का लागला. तो मुलगा वाचला, पण त्याचा पाय गेला. तपासात निघालं की मित्राच्या लायसन्सची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपली होती. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनी नूतन करावं लागतं, हे ते विसरले होते. विम्याचे हप्ते मात्र एकही दिवस चुकलेले नव्हते. अशा वेळी न्यायालय कंपनीला आधी जखमी माणसाला भरपाई द्यायला लावू शकतं आणि मग कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यांच्या बाबतीत तेच झालं. त्यांची उरलेली वर्षं त्या हप्त्यांतच गेली. पैशापेक्षा त्यांना त्या मुलाचं वाटायचं. दर भेटीत म्हणायचे, "अरे, मला संध्याकाळी दिसत नव्हतं रे. मी कबूल करत नव्हतो, एवढंच."

मी मघाशी स्वतःबद्दल कागदावर लिहा म्हटलं, ते यासाठीही. मी यंदा माझा कागद लिहिला. वय ७४, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की दोन क्षण काही दिसत नाही. हे लिहायला मला दोन दिवस लागले. लिहून झाल्यावर सूनबाईला म्हटलं, सूर्य मावळल्यावर किल्ली तुझ्याकडे. ती म्हणाली, "बाबा, मी वर्षभर हेच कसं सांगावं याचा विचार करत होते." ज्या गोष्टीची भरपाई कुठलीच कंपनी करू शकत नाही, ती टाळणं एवढंच आपल्या हातात असतं.

आता एक विनंती. दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता आपापली पॉलिसी, आरसी आणि लायसन्स घेऊन क्लबरूममध्ये या. मी चष्मा घेऊन बसतो. कंपनी मी सांगणार नाही, पण तुमच्या पॉलिसीत काय आहे आणि काय नाही, ते आपण मिळून वाचू. चहा समितीकडून, असं सेक्रेटरींनी आताच मान हलवून कबूल केलंय.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या अडीअडचणीला धावून आलो. २०१९ च्या त्या सकाळी माझी गाडी ढकलायला तुमच्यातलेच सहा जण चिखलात उतरले होते. कुठल्या कंपनीची पॉलिसी एवढं देते? रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी असेन-नसेन, तुम्ही सगळे सुखरूप असा.