विजोडांची जूट



सत्ता आणि स्वातंत्र्य यांवर बोलणाऱ्या विद्वानांची या व्यासपीठाला वाण नाही. आम्ही शाळेत फार टिकलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि रात्री उसन्या पुस्तकांतून. म्हणून याच नागपुरात घडलेली एक हकीकत तेवढी आपल्यापुढे ठेवतो.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे कापडगिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. गिरणीला ‘एम्प्रेस’ हे नाव पडले ते त्यावरून. साम्राज्य १९४७ साली गेले, गिरणी २००२ साली बंद पडली. सत्तेला मरण आहे, हे नागपूरकरांना पोथीतून शिकावे लागत नाही. मरण संघटनेलाही असते. मात्र पुष्कळदा ते मालकाच्या हातून नव्हे, घरातूनच येते.

१९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन १९२९ साली नागपुरास भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. सरकारने नेमलेल्या मजूर-कमिशनवर बहिष्कार टाकावा, हा वादाचा एक मोठा मुद्दा. ना. म. जोशी तर त्या कमिशनचे सभासदच! ठराव बहुमताने झाला. जोशी, व्ही. व्ही. गिरी प्रभृती मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. मोजणीत कोणी जिंकले, कोणी हरले. मजूर मात्र दुभंगला.

पुढे नऊ वर्षांनी, १९३८ साली, याच नागपुरात तुटलेले धागे पुन्हा जुळले. कशाने? मते एक झाली म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंना कार्यकारी मंडळात सारख्या जागा मिळाल्या, आणि राजकीय प्रश्न व संप यांचे निर्णय तीनचतुर्थांश मतांनीच व्हावेत असे ठरले. म्हणजे ज्यांचे हात जास्त, त्यांनी आपल्याच हातांना वेसण घालून घेतली. पुरते विलीनीकरण व्हायला १९४० साल उजाडले.

त्याच १९३८ च्या ७ नोव्हेंबरला मुंबईत आणखी एक विजोड जोडी दिसली. संपावर निर्बंध आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले. त्यांच्यातले मतभेद जगजाहीर होते. विधेयकाचा कायदा झालाच. पण ज्याला काम नाकारता येत नाही तो स्वतंत्र नव्हे, हे त्या दिवशी लाखो तोंडांनी बोलले गेले.

जोशी १९५५ साली गेले, बाबासाहेब १९५६ साली. माणूस जातो, त्याने घालून दिलेला नियम चांगला असला तर मागे उरतो.

आज फाटकावर कायम कामगार एका रांगेत आणि कंत्राटी दुसऱ्या रांगेत उभा असतो. यंत्र एक, घाम एक, पगार दोन. संघटनेत मते बहुधा कायमवाल्यांची अधिक. त्यांना आम्ही हेच सांगतो : बाबांनो, बहुमत तुमचे आहे म्हणूनच पहिली माघार तुम्ही घ्या. दुबळ्याने सोसण्याला एकी म्हणत नाहीत. सबळाने आवरून घेण्याला म्हणतात.

गृहस्थहो, वाचनालयाची समिती असो की भावाभावांचे घर, हा हिशेब सगळीकडे सारखाच. समान मतांची माणसे जमतात, त्यात नवल नाही. न पटणाऱ्या माणसाला आपल्या शेजारी निर्धास्त बसता येईल असा नियम करणे, यालाच आम्ही स्वातंत्र्य समजतो.