रिपोर्टातलं एक अनिश्चित वाक्य



पिकलेली केळी दोन दिवस घरात राहिली की त्यांच्याभोवती चिलटं जमतात. प्रयोगशाळेतली फळमाशी, ड्रॉसोफिला, ती हीच. (आंबा-पेरूच्या बागायतदाराला रडवणारी फळमाशी निराळी.) मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार यांच्या खाद्यावर काचेच्या बाटलीत ती वाढते आणि २५ अंश तापमानाला दहाएक दिवसांत तिची पुढची पिढी उडू लागते.

आता एका घराची कल्पना करा. मूल उशिरा चाललं, बोलत नाही, तोल सांभाळता येत नाही. आईवडील जनुकीय तपासणी करून घेतात. रिपोर्ट सांगतो : एका जनुकात बदल आढळला, अर्थ अनिश्चित. हा बदल मुलाच्या त्रासाचं कारण आहे की निव्वळ योगायोग, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

इथे चिलट कामी येतं. माणसाच्या आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांची भावंडं माशीत सापडतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये ह्यूगो बेलेन आणि त्यांचे सहकारी माशीचं एखादं जनुक बंद करतात आणि त्या जागी माणसाचं निरोगी जनुक कामाला लावतात. जनुक बंद झाल्याने बिघडलेली माशी सावरली, तर दोन्ही जनुकं एकच काम करतात हे कळलं. मग पाळी मुलात सापडलेल्या बदलाची. तो असलेलं जनुक माशीला सावरू शकलं नाही, तर बदल घातक असल्याचा भक्कम पुरावा हाती येतो. २०१७ मध्ये ईबीएफ३ या जनुकाबाबत असंच घडलं. माशीतलं त्याचं भावंड ‘नॉट’. बौद्धिक वाढ आणि बोलणं रेंगाळलेल्या, तोल जाणाऱ्या मुलांच्या आजाराचं मूळ या जनुकात असल्याचं त्या कामातून पुढे आलं. याच सुमारास इतर गटांनाही अशी मुलं आढळली. ज्या आजाराला नाव नव्हतं, त्याला नाव मिळालं.

नाव मिळणं म्हणजे औषध मिळणं नव्हे. बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या फ्रॅजाइल एक्स या आजाराचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. माशीत तेच जनुक निकामी केलं, तर नराला मादीचा नकार लक्षात राहत नाही. तो पुन्हा पुन्हा तिची मनधरणी करत राहतो. २००५ मध्ये एका रसायनाने ही स्मृती परत आणता आली. त्या रसायनासारखंच काम करणाऱ्या औषधाच्या माणसांवरील चाचण्या मात्र २०१४ मध्ये निष्फळ ठरल्या. माशी खोटं बोलली नव्हती. तिच्या मेंदूत सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आहेत, माणसाच्या मेंदूत कित्येक अब्ज. शिवाय मूल वाढत असताना औषध कधी द्यायचं, हाही प्रश्न उरतोच. अपयश मांडणारे शोधनिबंधही यशाच्या बातमीइतक्याच आस्थेने वाचायला हवेत.

हे काम आपल्यापासून दूरचं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे तिथेच त्यांनी आणि व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला वास आणि चव कशी कळते, याचा जनुकांच्या अंगाने शोध घेतला. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही आज माशीवर संशोधन चालतं.

तुम्हा पदवीधरांपैकी जे संशोधनाकडे वळतील, त्यांनी अर्थ न लागलेला असा एखादा बदल आपला मानावा आणि त्याचा छडा लागेपर्यंत सोडू नये. तो रिपोर्ट घेऊन कोणीतरी आईवडील उत्तराची वाट पाहत आहेत.