चला, आक्राचा बाजार बघू

परक्या गावात गेलं की आपण आधी बाजार बघतो. गाव कसं आहे ते तिथंच कळतं. आज आपण घरबसल्या आक्राला जाऊ. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाची ही राजधानी, अटलांटिक समुद्राच्या काठावर वसलेली. हा देश इंग्रजांपासून ६ मार्च १९५७ ला स्वतंत्र झाला, म्हणजे आपल्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी.

बाजारात जायला 'ट्रोट्रो' पकडायची. आपल्याकडच्या वडापसारखीच ही गाडी. दारातला पोरगा गाडी कुठं चालली ते ओरडून सांगतो. पैसे मात्र उजव्या हातानं द्यायचे, डावा हात पुढं केला तर तिथंही वाईट दिसतं. तिथल्या पैशाला म्हणतात सेडी. हे नाव कवडीच्या तिथल्या शब्दावरून आलं आहे.

उतरलो की समोर माकोला बाजार. टोमॅटो, मिरची, सुकी मासळी, याम नावाचे मोठाले कंद, रंगीबेरंगी छापील कापड. आणि विकणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका! एकेका मालाची एक म्होरकी असते, तिला बाजाराची राणी म्हणतात. भांडण झालं तर ती मिटवते. भूक लागली तर केंकी खायची. मक्याचं आंबवलेलं पीठ कणसाच्या सालीत गुंडाळून उकडतात. सोबत तळलेली मासळी आणि झणझणीत मिरची.

या बायका पैसे कसे साठवतात? त्याला 'सुसू' म्हणतात. रोज एक माणूस येऊन ठरलेली रक्कम घेऊन जातो. महिना संपला की सगळे पैसे परत देतो, फक्त एका दिवसाची रक्कम स्वतःची मजुरी म्हणून ठेवतो. आपली भिशी आठवली ना?

पण या बाजारानं वाईट दिवसही पाहिलेत. १९७९ साली देशात माल मिळेना, भाव भडकले. सत्ता लष्कराच्या हातात होती. महागाईचा सगळा दोष बाजारातल्या बायकांवर आला. त्यांना फटके मारले गेले, आणि ऑगस्टमध्ये सैनिकांनी माकोलाचा मुख्य बाजारच पाडून टाकला. कित्येकींची आयुष्यभराची पुंजी मातीत गेली. महागाई काही हटली नाही. बायका मात्र आजूबाजूला पुन्हा बसल्या, आणि माकोला आजही गजबजलेला आहे.

तिथं आणखी एक दृश्य दिसतं. डोक्यावर भलं मोठं घमेलं घेतलेल्या तरुण मुली गर्दीतून वाट काढत असतात. त्यांना 'कायायेई' म्हणतात. बऱ्याचजणी उत्तरेकडच्या गरीब खेड्यांतून आलेल्या. दिवसभर लोकांची ओझी वाहायची आणि रात्री कित्येकींनी दुकानांपुढंच झोपायचं. त्यांच्यावाचून बाजार हलत नाही, तरी मजुरी अगदी तुटपुंजी.

मैत्रिणींनो, आक्रा पाहून आम्हाला आपलाच आठवडी बाजार आठवला. भाव वाढले की गिऱ्हाईक आपल्यावरच चिडतं. रस्ता मोठा करायचा ठरला की आधी आपलीच पाटी उठते. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: बाजारात आपण बसतो ती जागा कुणाच्या नावावर आहे? रोजची पावती आपण जपून ठेवतो का? उद्या कुणी उठवायला आलं, तर आपण एकेकट्या असू, की सगळ्या मिळून?

बोला एकमेकींशी.